हिंजवडीला नोकरी, कर्वेनगरला कॉलेज, हातात ४२ हजार : पुण्यात भाड्याची जागा कशी घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. लातूरहून आलेले भाऊ-बहीण. भावाला हिंजवडी फेज तीनमध्ये नोकरी लागली आहे, सगळं कापून हातात ४२,००० येतात. बहिणीला कर्वेनगरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. दोघांनी एकत्र राहायचं म्हणून वाकडला वन बीएचके बघितला. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. मालक म्हणतात, ‘करार नोटरीवर करून टाकू, तुमचाच खर्च वाचेल.’ एजंट म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत टोकन टाका, दुसरी पार्टी तयार आहे.’ परवडेल का आणि टोकन द्यावं का, असं भावानं विचारलंय.

टोकन, म्हणजे जागा अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, देऊ नका. परवडणारही नाही. पण ‘नाही’ एवढ्यानं तुमची राहायची सोय होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोथरूड-कर्वेनगर-वारजे पट्ट्यात लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचे, करार नोंदवून देतो, अधूनमधून जागाही दाखवतो. म्हणजे मीही एजंटांच्याच गोटातला, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा. आमच्याकडे भांडणं येतात ती बहुतेक जागा सोडताना : डिपॉझिट अडकलं, रंगाचे पैसे कापले, नोटीस दिली नाही म्हणून महिना धरला. आणि खोदत गेलं की त्यातलं जवळजवळ प्रत्येक भांडण टोकन देण्याआधी न विचारलेल्या एखाद्या प्रश्नापाशी येऊन थांबतं. टोकन देईपर्यंत मालकाला तुमची गरज असते. ते दिलं, सामान हलवायची तारीख ठरली, की गरज तुमची. त्यामुळे जे काही विचारायचं, घासाघीस करायची, लिहून घ्यायचं, ते सगळं त्याच्या अलीकडे.

आधी पैशाचं बघू. तुम्ही २२,००० हा आकडा ४२,००० च्या शेजारी ठेवून बघताय, म्हणून ओढूनताणून जमेल असं वाटतंय. पण जागेत पाऊल ठेवायच्या आधी २२ भाडं, ६६ डिपॉझिट आणि २२ दलाली असे १,१०,००० लागणार. कराराचा खर्च, लातूरहून येणारा टेम्पो, शेगडी-सिलिंडर, गाद्या, बादल्या, पडद्याचे रॉड धरले की आकडा सव्वा लाखाला टेकतो. तुमचे तीन पगार. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे पैसे कुठून येणार? वडिलांच्या ठेवीतून, नाहीतर पर्सनल लोनमधून. लोन काढलं की त्याचा हप्ता पुन्हा त्याच ४२ मधून जाणार.

माझा ठोकताळा साधा आहे. भाडं, मेंटेनन्स, वीज, गॅस, इंटरनेट आणि दोघांचा रोजचा येण्याजाण्याचा खर्च, हे सगळं मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यात बसलं पाहिजे. तुमच्या बाबतीत २१,०००. वीज-गॅस-इंटरनेट आणि प्रवास यांना पाच हजार बाजूला काढले तर भाड्याला उरतात सोळा, तेही मेंटेनन्ससकट. सोळाच्या वरची जागा बघायलाच जाऊ नका. बघितली की आवडते, आणि आवडली की माणूस हिशेब वाकवायला लागतो.

आता वाकडच का? हिंजवडी जवळ म्हणून. पण रोज दोघं बाहेर पडणार आहात, आणि कर्वेनगर ते फेज तीन हे वीसेक किलोमीटर आहे. वाकडला राहिलात तर तुमचा त्रास वाचतो आणि तो सगळा बहिणीच्या वाट्याला जातो. शिवाय ‘हिंजवडी जवळ’ हेही जपून घ्या. फेज एकच्या तोंडाशी पोचणं वेगळं आणि तिथून संध्याकाळच्या गर्दीत फेज तीन गाठणं वेगळं. पावसाळ्यात तर तेवढ्याच रस्त्याला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून जागा शोधायच्या आधी एक काम करा. ऑफिसात ट्रान्स्पोर्टवाल्यांकडून कंपनीच्या बसचे थांबे मागून घ्या. हिंजवडीच्या बऱ्याच कंपन्यांच्या बस कोथरूड, वारजे, चांदणी चौक या बाजूनं जातात. तुमच्या कंपनीची जात असेल तर पेट्रोल वाचतं, आणि त्याहून जास्त म्हणजे पाठ वाचते. मग थांब्यापासून चालत अंतरावर जागा बघायची. बस नसेल तरीही तुमच्यासाठी वारजे, वारजे-माळवाडी, कर्वेनगरची हिंगण्याची बाजू, नाहीतर बावधन हाच पट्टा योग्य. बहीण अर्ध्या तासात कॉलेजात पोचेल, तुम्ही चांदणी चौकातून हायवेला लागाल. चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवं जाळं सुरू झालं, तेव्हापासून तिथली कोंडी बरीच सुसह्य झाली. खरी रांग पुढे लागते, भूमकर चौक आणि वाकडच्या पुलाच्या आसपास.

मेट्रोचं बोलतात लोक. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिकांपैकी एकही हिंजवडीला जात नाही. तिसरी, हिंजवडी ते शिवाजीनगर, बालेवाडी-बाणेरवरून आहे. वारजे-बावधनकरांना तिचा उपयोग नाही. ‘स्टेशन जवळ’ म्हणून कोणी दोन हजार वाढवून सांगितले तर त्या स्टेशनवर आज गाडी थांबते का, ते स्वतः जाऊन बघा.

वारज्यात सोळाच्या आत जागा मिळते ती बहुधा जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतीत, किंवा गुंठेवारीतल्या (गुंठा-गुंठा जमीन घेऊन उभ्या राहिलेल्या वस्तीतल्या) घराच्या वरच्या मजल्यावर, जिथे मालक खालीच राहतात. क्लब हाउस नाही, स्विमिंग पूल नाही, म्हणून मेंटेनन्सही किरकोळ. तुम्हाला पूल लागतोय कशाला? बावधन नवं आणि देखणं आहे, पण सोसायट्या मोठ्या आणि भाडी चढी. त्यापेक्षा एनडीए रस्त्यानं शिवणे-उत्तमनगरकडे सरकलात तर भाडं आणखी उतरतं. फक्त तिथे पाण्याची नीट चौकशी करा.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बाहेरगावचा माणूस हे विचारतच नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा गावं आली, त्यात शिवणे, धायरी, आंबेगाव, उंड्री ही. २०२१ मध्ये आणखी तेवीस, त्यात बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली ही. गावं कागदावर शहरात आली, पण नळ त्या वेगानं आले नाहीत. यातल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. एप्रिल-मेमध्ये टँकरचे पैसे वाढतात आणि ते मेंटेनन्समध्ये, नाहीतर ‘वॉटर चार्जेस’ म्हणून तुमच्या डोक्यावर येतात. एजंटला विचारलंत तर ‘चोवीस तास पाणी’ हेच उत्तर मिळणार. वॉचमनला विचारा, ‘मे महिन्यात दिवसाला किती टँकर येत होते?’ असाच प्रश्न विचारा. ‘पाण्याचा त्रास आहे का’ असं विचारलंत तर तोही ‘नाही’ म्हणतो. संख्या विचारली की खरं बाहेर येतं. आणि हे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, हे मालकांना विचारायचं.

आता एक पर्याय, जो मी माझ्या धाकट्या भावंडांना सांगितला असता. पहिले तीन-चार महिने फ्लॅट घेऊच नका. कर्वेनगर-हिंगण्यात मुलींची वसतिगृहं आहेत, कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं द्यायच्या, खोल्या आहेत, मेस आणि डबेवाले पावलोपावली. बहिणीची सोय तिथे करा. तुम्ही वाकड-थेरगाव बाजूला ऑफिसातल्या दोघातिघांबरोबर टू बीएचकेमध्ये घुसा. तिथे बहुतेक वेळा कोणीतरी सोडून चाललेला असतो आणि त्याच्या जागी माणूस हवाच असतो, दलाली लागत नाही, डिपॉझिटही वाट्यापुरतं. तसं करताना करारात तुमचं नाव घालून घ्या, नाहीतर कागदोपत्री तुम्ही पाहुणे. याचा फायदा असा की जून ते ऑगस्ट हा प्रवेशांचा हंगाम टळतो. त्या काळात कर्वेनगर, कोथरूड, आंबेगाव, पेठा, सगळीकडे भाडी ताठ असतात आणि मालक दहा जणांना जागा दाखवून निवड करतात. दिवाळीनंतर तोच मालक दोन महिने रिकाम्या जागेचा मेंटेनन्स भरून कंटाळलेला असतो, हजार-दीड हजार सहज सोडतो. तोवर तुमचं प्रोबेशन कुठवर आलंय आणि प्रोजेक्ट पुण्यातच राहणार का, हेही कळेल. आईवडिलांना दोघं एकत्र हवे असतील, हे मला समजतं. पण चार महिन्यांचाच प्रश्न आहे.

एकत्रच राहायचं ठरलं, तर ‘फॅमिली की बॅचलर?’ या प्रश्नाची तयारी ठेवा. तो फोनवर पहिल्याच वाक्यात येतो. सख्खे भाऊ-बहीण म्हटल्यावरही काही मालक कां-कू करतात. अशा वेळी वडिलांनी मालकांना एक फोन करावा आणि ‘आई अधूनमधून येऊन राहणार आहे’ हे सांगावं. खरोखर येणार असेल तरच सांगा. पुण्यातल्या मालकांचा, विशेषतः खालीच राहणाऱ्या काका-काकूंचा, निर्णय पुष्कळदा त्या एका फोनवर होतो. काही जण आडनाव विचारतात, शाकाहारी आहात का विचारतात, काही त्याहून पुढचं विचारतात. हे संतापजनक आहे, आणि तुमचा एक रविवार त्यात जाऊ नये म्हणून सांगतो : जागा बघायला जायच्या आधी फोनवरच ‘आणखी काही अट आहे का?’ असं सरळ विचारून टाका.

जागा मिळतात कुठे? नोब्रोकर, मॅजिकब्रिक्ससारख्या ठिकाणी बघाच, भावाचा अंदाज येतो. फेसबुकवरचे गटही चालतात. पण गुंठेवारीतली, जुन्या इमारतीतली स्वस्त जागा तिथे क्वचितच येते, कारण त्या मालकांना फोटो काढून टाकायचा उत्साह नसतो. रविवारी सकाळी दुचाकी काढा आणि ठरवलेल्या पट्ट्यातल्या गल्ल्या फिरा. ‘जागा भाड्याने देणे आहे’ असा कागद गेटला लावलेला असतो. इस्त्रीवाल्याला विचारा. कुठला फ्लॅट रिकामा झाला, कुठले मालक कटकटे, हे त्याच्याइतकं नेमकं सोसायटीच्या चेअरमनलाही माहीत नसतं. ऑफिसच्या ग्रुपवर टाका. एजंटकडे जायला हरकत नाही, चांगला एजंट तुमचे चार रविवार वाचवतो. मात्र दलाली करार झाल्यावर, चावी मिळताना द्यायची. एक महिन्याचं भाडं ही इथली रूढ दलाली असली तरी ती घासाघिशीची गोष्ट आहे. लहान जागेला, मंदीच्या काळात पंधरा दिवसांवरही येतात. नुसती जागा दाखवायचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करायचा. आणि अकरा महिन्यांनी ‘रिन्यूअलची दलाली’ मागायला कोणी आलं तर देऊ नका. करार पुन्हा करायला लागणारा खर्च वेगळा, पण जागा काही त्यांनी पुन्हा शोधून दिलेली नसते.

ऑनलाइन फसवणुकीचा एक ठरीव नमुना आहे, तो ओळखून ठेवा. झकास फर्निचरचे फोटो, भाडं बाजारापेक्षा चार-पाच हजारांनी कमी, आणि मालक म्हणे लष्करात, बदली झाली म्हणून जागा घाईनं द्यायचीय. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. मग ‘गेट पाससाठी’ किंवा ‘बुकिंगला’ थोडे पैसे मागतात, किंवा तुम्हालाच पैसे परत पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. जागेत उभं राहिल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

दुसरी फसवणूक जास्त वाईट, कारण तिथे जागा खरी असते. एखादा भाडेकरूच मालक बनून जागा पुढे देतो, डिपॉझिट घेतो आणि गायब होतो. ‘हेवी डिपॉझिट’, म्हणजे भाडं जवळजवळ शून्य आणि एकरकमी काही लाख, अशा व्यवहारात हा धोका सगळ्यात मोठा, त्या वाटेला जाऊच नका. म्हणून मालकाचं नाव तपासायचं. इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), महापालिकेची मिळकत कराची पावती, महावितरणचं बिल, सोसायटीची मेंटेनन्स पावती, यातले दोन कागद तरी बघा आणि आधारवरच्या नावाशी जुळवा. मालक परदेशात असतील आणि नातेवाईक व्यवहार करत असतील तर कुलमुखत्यारपत्र मागा. चांगला मालक यात अपमान मानत नाही.

जागा बघायला एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सातनंतर जा. नव्यानं रंगवलेल्या भिंतीला बाथरूमच्या मागच्या बाजूनं हात लावून बघा, ओल तिथे कळते. सगळे नळ, फ्लश, गिझर चालवून बघा. मोबाइलला आत रेंज आहे का बघा. वरचा मजला असेल तर एप्रिलमध्ये छत तापतं, हे गृहीत धरा. बाकी रंगरूप, टाइल्स, मॉड्युलर किचन यात अडकू नका.

आता टोकन. सगळं पटलं की द्या, पण छोटी रक्कम, पाच हजारांच्या आतली, आणि थेट मालकाच्या खात्यावर, त्यांच्या नावानं. पाठवताना मालकांना एक मेसेज लिहा : ‘अमुक पत्त्याच्या फ्लॅटसाठी टोकन पाठवत आहे. भाडं इतकं, मेंटेनन्ससकट. डिपॉझिट इतकं. करार नोंदणीकृत, इतक्या महिन्यांचा. नोटीस एक महिना. सोडताना रंगासाठी जास्तीत जास्त इतके. तुमच्या बाजूनं रद्द झाल्यास टोकन परत.’ आणि ‘हो’ असं उत्तर आल्यावरच पैसे. हा मेसेज पुढे सगळ्यात कामाला येतो, कारण कराराचा मसुदा आला की त्यात कुठूनतरी नवी कलमं उगवतात.

मालक नोटरीचं का म्हणतायत, तेही सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही हा समज देशाच्या सर्वसाधारण नोंदणी कायद्यातून आलाय. महाराष्ट्रात तो चालत नाही, सवय मात्र राहिली.

मग मालक खर्चाला घाबरतात का? आकडे बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते एकूण भाडं अधिक परतफेडीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. सोळा हजार भाडं, बत्तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर पाचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, आणि ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणीचे ३००. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. बाकी जे काही सांगतात ती आमच्यासारख्यांची घरी येऊन अंगठे घ्यायची फी. तीही विचारून घ्या, आणि खर्च निम्मा-निम्मा करा. बावीस महिन्यांचा करार केला तर मुद्रांक चार-पाचशेनं वाढतो, नोंदणी फी तेवढीच राहते, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा सगळं करायचं वाचतं. मी तुम्हाला बावीसच सुचवेन. वाढ पहिल्या अकरा महिन्यांनंतर पाच टक्के, हे त्यातच लिहून टाकायचं.

खरं कारण बऱ्याचदा मिळकत कराचं असतं. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्यानं दिलं की ती जाते. नोंदणी झाली की घर भाड्यानं दिल्याचा पक्का पुरावा तयार होतो, म्हणून नोटरी गोड वाटते. (तुमचा वाकडचा फ्लॅट पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, तिथले नियम वेगळे, वारज्यात मात्र हे ऐकायला मिळेल.) हा त्यांचा प्रश्न आहे, तुमचा नाही. पण कारण माहीत असलं की बोलणं सोपं जातं. एखादे मालक कराचा फरक भाड्यात मागतील, महिन्याला दोन-तीनशेनं नोंदणीकृत करार मिळत असेल तर माझ्या मते द्यावे. गॅस कनेक्शन, बँकेतला पत्ता, आधारवरचा बदल, सगळीकडे तोच कागद चालतो.

सोसायटी ‘भाडेकरू चार्ज’ म्हणून काही मागत असेल तर ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल लावलेलं. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि त्याची आकारणी मालकावर असते. तुमच्या भाड्यात ते धरलंय का, तेवढं विचारून ठेवा.

डिपॉझिटला इथे कायद्याची मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा सुचवलीय, पण राज्यानं तसा कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही. तरी ‘दोन महिने’ हे बोलताना वापरायला हरकत नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांचीच रीत आहे, सोळा हजारांच्या जागेला बत्तीसच्या वर जाऊ नका.

मसुद्यात तीन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा. लॉक-इन, म्हणजे अमुक महिन्यांआधी सोडलं तर उरलेलं भाडं द्यायचं. तुमच्या क्षेत्रात नोकरी कधी बंगळुरूला जाईल सांगता येत नाही, तेव्हा तीन महिन्यांच्या वर मान्य करू नका. दुसरं रंगाचं. ‘रंग आणि सफाईसाठी एक महिन्याचं भाडं कापून’ असं छापील वाक्य असतं. ते खोडून ठरलेली रक्कम घाला. तिसरं डिपॉझिट परतीचं. ‘जागा सोडल्यावर योग्य त्या कालावधीत’ असं असेल तर ‘चावी परत देताना त्याच दिवशी’ करून घ्या. हे तिन्ही बदल मालक मसुद्याच्या टप्प्यावर मुकाट मान्य करतात. अंगठा झाल्यावर कोणी करत नाही.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकानं द्यायची असते. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड यांची आयुक्तालयं २०१८ पासून वेगळी आहेत, त्यामुळे वाकडचा फॉर्म वारज्याला चालत नाही. आधारची प्रत देताना शक्यतो पहिले आठ अंक झाकलेली द्या आणि तिच्यावर ‘भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाका.

एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, पावत्यांसाठी मालकांशी वाद घालू नका. ही वजावट जुन्या कररचनेत मिळते. तुमच्या पगाराला नव्या रचनेत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. मालकांचा पॅन मिळाला काय, न मिळाला काय.

चावी मिळाली की सामान लावायच्या आधी सगळ्या जागेचा व्हिडिओ काढा : भिंती, खिडक्यांच्या काचा, नळ, पंखे, वीज मीटरचं रीडिंग. जे मोडकं आहे त्याचे फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवा. मागच्या भाडेकरूचं वीजबिल थकलेलं नाही ना, हे ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या ॲपवर दिसतं.

कराराची मुदत संपायच्या महिनाभर आधी नव्या कराराचं बोला. ‘राहा हो, करू नंतर’ यावर विसंबू नका. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून मालकाला भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते, ते भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ मध्ये आहे. सोडायचीच असेल तर नोटीस मेसेज आणि ईमेल दोन्हींवर द्या, तारीख लिहून. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायची मुलांना फार हौस असते. त्यानं करार मोडल्याचं निमित्त मालकांच्या हाती जातं, भाडं वेळेवर देऊन टाका. आणि टेम्पो ठरवायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा. बऱ्याच सोसायट्या मालकांच्या ना-हरकत पत्राशिवाय सामान गेटबाहेर जाऊ देत नाहीत, काही ठिकाणी रविवारी सामान हलवायला बंदी असते. ते पत्र डिपॉझिट हातात पडतं त्याच दिवशी लागेल असं जुळवून आणा.